साखरबीटवरील सर्कोस्पोरा ठिपके: प्रतिकारक्षम वाण लावल्यावर फवारण्या किती कमी कराव्यात?

राहुरीकर_क्रूकस्टन – १२ जून

नमस्कार. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतल्यावर मी काही वर्षांनी अमेरिकेत आलो आणि सध्या मिनेसोटाच्या वायव्य भागात, रेड नदीच्या खोऱ्यात, पीक सल्लागार म्हणून काम करतो. माझ्याकडे तीन शेतकऱ्यांचे साखरबीट आहे आणि तिघेही सहकारी कारखान्याचे सभासद आहेत. इथला मोठा कारखाना बीट उत्पादकांनी १९७३ मध्ये स्वतःच विकत घेतला, त्यामुळे सभासद, भाग आणि साखरेच्या प्रमाणावर ठरणारा दर हे विषय मला इथे येऊन नव्याने शिकावे लागले नाहीत.

अडचण सर्कोस्पोराची आहे. आपल्याकडे भुईमुगावर ज्याला टिक्का म्हणतात, त्याच कुळातील ही बुरशी असून बीटवर येणारी जात सर्कोस्पोरा बेटिकोला ही आहे. गेल्या वर्षी एका शेतात आम्ही उत्पादनाला चांगला, पण या रोगाला बळी पडणारा वाण घेतला होता. जुलैत पाऊस लागून राहिला, जमिनीला वाफसा येईना, यंत्र शेतात घालता येईना आणि हवाई फवारणी करणाऱ्याने दिलेली तारीख दोनदा पुढे ढकलली, त्यामुळे पहिली फवारणी नऊ दिवस उशिरा झाली. त्यानंतर आम्ही आणखी तीन फवारण्या केल्या, परंतु ऑगस्टच्या मध्यापर्यंत बाहेरची पाने करपून जमिनीला टेकली होती. सप्टेंबरात कंदांनी नवी पालवी काढली, शेत दुरून पुन्हा हिरवे दिसू लागले आणि शेतकरी आनंदला. परंतु ती पालवी कंदातील साखर खर्चून आलेली होती, हे काढणीनंतर साखरेच्या आकड्यावरून समजले.

यंदा तीन शेतांपैकी दोन शेतांत आम्ही २०२१ पासून बाजारात आलेले, सर्कोस्पोराला अधिक प्रतिकारक्षम असे सीआर प्लस गटातील वाण पेरले आहेत. तिसऱ्या शेतात जुनाच वाण आहे, आणि दुर्दैवाने ते शेत गेल्या वर्षीच्या रोगट शेतापासून केवळ एका कच्च्या रस्त्याच्या अंतरावर आहे. त्या रोगट शेतात आता गहू उभा आहे, परंतु बीटचा जुना पाला जमिनीवर अजून ओळखू येतो.

शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, बियाण्याला जास्त पैसे मोजले आहेत, तर मग प्रतिकारक्षम वाणावर फवारणी कशासाठी करायची. मला हे म्हणणे पूर्णपणे पटत नाही, परंतु ते खोडून काढण्याइतकी माझी तयारीही नाही. या दोन शेतांत फवारणी अजिबात न करणे, उशिरा सुरू करणे आणि वेळेवर सुरू करून संख्या कमी करणे, यांतले काय योग्य ठरेल? आणि तिसऱ्या शेताचे वेळापत्रक कसे आखावे, विशेषतः स्ट्रॉबिल्युरिन गटाच्या बुरशीनाशकांचा आता काही उपयोग उरला आहे का?

---

पर्णठिपका – १३ जून

मी याच खोऱ्यात बीटच्या पानांवरील रोगांवर काम करते, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

प्रथम ओळखीविषयी, कारण चुकीच्या ठिपक्यावर केलेली फवारणी हा दरवर्षी दिसणारा प्रकार आहे. सर्कोस्पोराचा ठिपका गोल, साधारण तीन मिलिमीटरचा, मध्यभागी राखाडी आणि कडेला तांबूस-जांभळा असतो. दहापट भिंग लावून पाहिल्यास राखाडी भागात काळे बारीक दाणे दिसतात, आणि सकाळी दव असताना त्या दाण्यांवर बीजाणूंची रुपेरी लव दिसते. ठिपके आधी बाहेरच्या, जुन्या पानांवर येतात. गारपीट किंवा वादळी पावसानंतर येणारे जिवाणूजन्य ठिपके वेड्यावाकड्या आकाराचे व काळपट कडांचे असतात आणि त्यांत काळे दाणे कधीही नसतात. त्यांच्यावर बुरशीनाशकाचा काहीही परिणाम होत नाही. जूनअखेरीस जे पहिले ठिपके घेऊन शेतकरी आमच्याकडे येतात, त्यांतले बरेचसे जिवाणूजन्यच असतात.

आता रोग कसा वाढतो ते पाहू, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. ही बुरशी जमिनीवर पडलेल्या रोगट पाल्यात त्या काळ्या दाण्यांच्या रूपाने तग धरते, आणि ते दाणे जवळपास दोन वर्षे जिवंत राहू शकतात. म्हणूनच किमान तीन वर्षांची फेरपालट आणि नवे बीट गेल्या वर्षीच्या बीटपासून किमान शंभर यार्ड, म्हणजे नव्वदेक मीटर, दूर ठेवण्याची शिफारस आहे. चाकवत आणि माठाच्या जातीची तणे यांच्यावरही ही बुरशी जगते. दिवसाचे तापमान २७ ते ३२ अंश सेल्सिअस, रात्रीचे १६ अंशांच्या वर आणि पान बराच वेळ ओले किंवा हवा जवळजवळ संपृक्त, अशी स्थिती जुळली की बीजाणू पर्णरंध्रांतून आत शिरतो. बीटच्या ओळी एकमेकींना भिडल्या की पानांखालची हवा कोरडी होतच नाही, आणि नेमका तोच काळ इथे जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. आत शिरल्यापासून ठिपका दिसेपर्यंत उष्ण हवामानात आठवडा-दीड आठवडा लागतो. तुम्हाला पहिला ठिपका दिसतो, तेव्हा शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या पानांमध्ये पुढची पिढी आधीच शिरलेली असते, आणि गेल्या वर्षीच्या नऊ दिवसांची किंमत नंतरच्या तीन फवारण्यांनी भरून न निघण्याचे कारण हेच आहे.

बुरशीनाशकांचा इतिहासही लक्षात घ्यावा लागेल. या खोऱ्यात आणि दक्षिण मिनेसोटात १९९८ साली मोठी साथ आली, तोपर्यंत बेन्झिमिडॅझोल गटाला बुरशी दाद देईनाशी झाली होती आणि कथिलयुक्त ट्रायफेनिल टिन हायड्रॉक्साइडची परिणामकारकताही घसरली होती. १९९९ मध्ये ट्रायअ‍ॅझोल गटातील टेट्राकोनॅझोलला आणीबाणीची परवानगी मिळाली, पुढे स्ट्रॉबिल्युरिन गटातील पायराक्लोस्ट्रॉबिन आले आणि बरीच वर्षे इतकी सुखाची गेली की वाण निवडताना पर्णठिपक्यांच्या गुणांकाकडे फारसे कोणी पाहिनासे झाले. २०१६ च्या साथीत ते सुख संपले. स्ट्रॉबिल्युरिन ज्या प्रथिनाला चिकटते, त्यातील १४३ व्या जागी ग्लायसीनऐवजी अ‍ॅलनिन आले की औषध पूर्णपणे निष्प्रभ होते. हा बदल असलेली बुरशी मिशिगनमध्ये काही वर्षे आधीच सापडली होती आणि २०१६ मध्ये ती आपल्याकडे सर्वदूर आढळली. इथे अर्धवट असे काही नसते, मात्रा वाढवूनही उपयोग होत नाही. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: सर्कोस्पोरासाठी स्ट्रॉबिल्युरिनवर पैसे खर्च करू नका.

ट्रायअ‍ॅझोल गटाची गोष्ट वेगळी आहे. तिथे एका बदलाने सगळे संपत नाही; बुरशी औषधाचे लक्ष्य असलेले विकर जास्त प्रमाणात तयार करते, त्यात लहान लहान बदल साचत जातात आणि परिणामकारकता पायरीपायरीने घटते. म्हणजे वाचवण्यासारखे अजून काही शिल्लक आहे. वाचवायचे असेल तर ट्रायअ‍ॅझोल एकटे कधीही फवारू नये, त्याबरोबर मॅन्कोझेब किंवा ताम्रयुक्त स्पर्शजन्य, म्हणजे पानाच्या पृष्ठभागावरच राहून काम करणारे, औषध असावे, आणि लागोपाठच्या दोन फवारण्यांत तो गट येऊ नये.

तिसऱ्या शेतासाठी मी असे करीन: ओळी भिडताच, ठिपक्याची वाट न पाहता, ट्रायअ‍ॅझोल अधिक मॅन्कोझेब, दहा ते बारा दिवसांनी कथिलयुक्त औषध अधिक मॅन्कोझेब, मग वेगळे ट्रायअ‍ॅझोल पुन्हा मॅन्कोझेबबरोबर, आणि नंतर पुन्हा कथिल. हवामान कोरडे राहिले तर अंतर चौदा दिवसांपर्यंत न्यावे, परंतु रस्त्यापलीकडचा जुना पाला पाहता त्याहून अधिक नको. मात्रा आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षा कालावधी लेबलवर असेल तोच पाळावा, कारण इथे लेबल हा कायदा आहे.

सीआर प्लस वाणांविषयी माझे मत असे की, पहिल्या फवारणीची वेळ फारशी बदलू नये; फवारण्यांची संख्या आणि त्यांतील अंतर बदलावे. हे वाण रोगमुक्त नाहीत. ठिपके येतात, पण कमी येतात, उशिरा येतात आणि त्यांवर बीजाणूही कमी तयार होतात. जुन्या वाणावर चार-पाच फवारण्या लागत असतील तर इथे दोन, वाईट वर्षात तीन, पुरतील असे मला वाटते. शून्य मात्र नको. बीटमधला जुना प्रतिकार अनेक जनुकांचा होता: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील रोव्हिगो येथे ओत्ताव्हियो मुनेराती यांनी पो नदीच्या मुखाजवळच्या जंगली समुद्रबीटशी संकर करून तो मिळवला होता. अनेक जनुकांचा असल्याने तो टिकाऊ निघाला, परंतु त्याच्याबरोबर उत्पादनातली घटही आली, म्हणून शेतकऱ्यांनी तो मनापासून कधी स्वीकारला नाही. नव्या वाणांची मोठी ताकद मुख्यतः एका प्रभावी जनुकातून येते, आणि तोही जंगली समुद्रबीटमधूनच आला आहे. आता दुसरी बाजू पाहा: या बुरशीत दोन्ही लैंगिक प्रकार सापडतात, तिच्यात आनुवंशिक विविधता भरपूर आहे आणि एका हंगामात तिच्या अनेक पिढ्या होतात. अशा बुरशीपुढे एकच जनुक उघडा ठेवायचा आणि वर फवारणीही बंद करायची, म्हणजे स्ट्रॉबिल्युरिनच्या बाबतीत केलेली चूक वाणाच्या बाबतीत पुन्हा करणे होय.

---

गटिंगनवासी – १४ जून

वरील विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु पहिल्या फवारणीच्या वेळेबाबत जर्मनीतला अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो नोंदवावासा वाटतो.

आमच्याकडे कॅलेंडर किंवा ओळी भिडणे यावर फवारणी सुरू करत नाहीत, तर उंबरठ्यावर, म्हणजे रोगट पानांची ठरावीक संख्या गाठल्यावर, करतात. शेतात फिरत झाडाच्या मधल्या वर्तुळातील शंभर पाने तोडायची, प्रत्येक झाडाचे एकच पान, आणि एक जरी ठिपका असला तरी ते पान रोगट मोजायचे. जुलैअखेरपर्यंत शंभरात पाच पाने, १५ ऑगस्टपर्यंत पंधरा पाने आणि त्यानंतर पंचेचाळीस पाने रोगट आढळली, तरच फवारणी करायची. उंबरठा असा वाढत जाण्याचे कारण सोपे आहे: ऑगस्टच्या उत्तरार्धात लागलेल्या रोगाला काढणीपूर्वी नुकसान करण्याइतका वेळच उरत नाही. प्रतिकारक्षम वाणावर हा उंबरठा पुष्कळदा आठवडे-आठवडे उशिरा गाठला जातो, आणि अशा वेळी ओळी भिडल्या म्हणून केलेली फवारणी निव्वळ खर्च ठरते. शिवाय प्रत्येक अनावश्यक फवारणी बुरशीला त्या औषधाची ओळख करून देते, हा मुद्दाही विसरता येत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. आमच्याकडे उंबरठ्याला एवढे महत्त्व येण्यामागे नाइलाजही आहे, कारण हाताशी औषधेच उरलेली नाहीत. कथिलयुक्त बुरशीनाशके युरोपीय संघाने २००२ मध्येच नाकारली, ट्रायअ‍ॅझोल गटातील एपॉक्सिकोनॅझोलची मान्यता २०२० मध्ये संपली आणि त्याच वर्षाच्या शेवटी मॅन्कोझेबचे नूतनीकरण नाकारण्यात आले. स्ट्रॉबिल्युरिनला दाद न देणारी बुरशी इथेही आहे. म्हणजे उरलेल्या थोड्या ट्रायअ‍ॅझोलांना जोडीदार म्हणून ताम्रयुक्त औषध शोधावे लागते, आणि तेही आणीबाणीच्या परवानगीवर. ऱ्हाइनचे खोरे आणि बव्हेरियातील डॅन्यूबकाठ या उष्ण पट्ट्यांत प्रतिकारक्षम वाण इतक्या झपाट्याने पसरण्याचे कारण शेतकऱ्यांचे शहाणपण नसून रिकामे कपाट आहे, असे मी गमतीने म्हणतो. तुमच्याकडे अजून मॅन्कोझेब आणि कथिल दोन्ही आहेत, ही चैन आहे.

तेव्हा प्रतिकारक्षम शेतांत दर आठवड्याला शंभर पाने मोजा आणि पाच पाने भरेपर्यंत थांबा, असे मी सुचवीन.

---

तासगावचा_बागायतदार – १४ जून

मी द्राक्षाचा माणूस आहे, बीटचा नाही, परंतु ही चर्चा वाचताना आमच्या द्राक्षावरील केवडा रोगाची आठवण झाली. स्ट्रॉबिल्युरिन आली तेव्हा आम्हीही निर्धास्त झालो होतो आणि पुढे त्यांचा गुण येईनासा झाला, तेव्हा मात्रा वाढवत बसलो. "मात्रा वाढवूनही उपयोग होत नाही" हे वाक्य कोणी वेळेवर सांगितले असते तर बरेच पैसे वाचले असते.

माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी की, दोन औषधे एकत्र मिसळून फवारणे आणि तीच दोन औषधे आलटून-पालटून फवारणे, यांत बुरशीची प्रतिकारशक्ती रोखण्याच्या दृष्टीने फरक किती पडतो? दुसरी शंका आपल्याकडची. २००० नंतरच्या दशकात जालना आणि पुणे जिल्ह्यांत उष्ण कटिबंधात येणाऱ्या साखरबीटची लागवड करून पाहिली गेली होती. तिथेही हाच रोग मुख्य होता का?

---

पर्णठिपका – १५ जून

आधी तासगावच्या काकांच्या शंका. आलटून-पालटून फवारताना प्रत्येक वेळी बुरशीसमोर एकच औषध असते; त्या औषधातून सुटलेले बीजाणू पुढच्या फवारणीपर्यंत मोकळे वाढतात आणि त्या दहा दिवसांत त्यांची एक पिढी होऊन जाते. मिश्रणात मात्र ट्रायअ‍ॅझोलला न जुमानणारा बीजाणू शेजारच्या मॅन्कोझेबला तोंड देऊ शकत नाही, कारण मॅन्कोझेब बुरशीच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते. म्हणून मिश्रण आणि फेरबदल ही दोन्ही एकदमच करावीत. मात्र दोन्ही औषधे पूर्ण मात्रेत असली तरच याला मिश्रण म्हणता येईल. खर्च वाचवण्यासाठी दोघांची अर्धी-अर्धी मात्रा घेतली, तर ते दोन दुबळे पहारेकरी ठेवल्यासारखे होते.

महाराष्ट्रातल्या बीटविषयी माझा स्वतःचा अनुभव नाही, परंतु उष्ण कटिबंधातील बीटमध्ये पानांपेक्षा मुळांचीच चिंता अधिक असते. स्क्लेरोशियम रॉल्फसाय या बुरशीने होणारी कंदकूज आणि पाने खाणारी स्पोडोप्टेरा अळी यांचा तिथे उपद्रव जास्त होतो. सर्कोस्पोरा भारतातही आहेच. पालकाच्या पानांवर दिसणारे गोल राखाडी ठिपके याच बुरशीचे असू शकतात, कारण आपला देशी पालक हा वनस्पतिशास्त्रदृष्ट्या बीटचाच भाऊ आहे.

आता गटिंगनच्या मित्रांचा मुद्दा. उंबरठ्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे आणि तिचा मला आदर आहे. परंतु ती दोन गोष्टी गृहीत धरते. एक म्हणजे कोणीतरी दर आठवड्याला, न चुकता, शंभर पाने मोजणार. दुसरी म्हणजे उंबरठा ओलांडल्यावर दोन-तीन दिवसांत फवारणी करता येणार. प्रश्नकर्त्यांनीच लिहिले आहे की पावसामुळे आणि विमानाच्या तारखेमुळे नऊ दिवस गेले. ज्या जमिनीत जुलैच्या पावसानंतर आठवडाभर ट्रॅक्टर जात नाही, तिथे पाच पानांचा उंबरठा कागदावर पाचाचा असतो, प्रत्यक्षात फवारणीच्या दिवशी तो वीस-पंचवीसचा झालेला असतो. जुन्या वाणावर म्हणूनच मी थांबायला सांगणार नाही.

सीआर प्लस शेतांत मात्र मी थोडी मागे येते. तिथे रोगाची गती मंद असल्याने काही दिवसांचा उशीर पचू शकतो. तेव्हा मधला मार्ग असा घेता येईल: ओळी भिडल्यापासून आठवड्यातून दोनदा शेतात जावे, आणि त्याच्या जोडीला नॉर्थ डकोटाच्या कृषी हवामान जाळ्यावर रोज मिळणारे सर्कोस्पोराचे संसर्गमूल्य पाहावे. ते मूल्य दमट तास आणि त्या तासांतील तापमान यांवरून काढलेले असते. लागोपाठच्या दोन दिवसांची बेरीज सात किंवा त्याहून अधिक झाली तर संसर्गाची शक्यता मोठी, सहा म्हणजे काठावर आणि पाच किंवा त्याहून कमी असेल तर निर्धास्त राहावे. पहिला खात्रीचा ठिपका तुमच्या शेतात किंवा शेजारच्या बीटमध्ये दिसला आणि बेरीज सात किंवा त्याहून अधिक राहू लागली, की पाच पाने भरण्याची वाट न पाहता पहिली फवारणी करावी. बेरीज खालीच राहिली तर थांबावे.

आणखी एक, फवारणीच्या पाण्याविषयी. जमिनीवरून फवारताना एकरी पंधरा ते वीस गॅलन, म्हणजे साधारण सत्तावन्न ते पंच्याहत्तर लिटर, पाणी लागते. वेळ वाचवण्यासाठी दहा गॅलनमध्ये उरकले, तर स्पर्शजन्य औषध वरच्या पानांवरच राहते आणि खालची, म्हणजे जिथून रोग सुरू होतो ती पाने कोरडी राहतात. विमानातून पाच गॅलनच पडते, म्हणून जमीन चालत असेल तेव्हा यंत्रच घालावे.

---

राहुरीकर_क्रूकस्टन – १६ जून

सर्वांचे आभार. पाण्याच्या बाबतीत आमची चूक निघाली. गेल्या वर्षी आम्ही बारा गॅलनवर होतो आणि त्याकडे माझे लक्षच गेले नव्हते.

शेतकऱ्यांशी बोललो. जुन्या वाणाच्या शेतासाठी चार फवारण्यांची औषधे आत्ताच आणून ठेवायची, असे ठरले. सीआर प्लस शेतांसाठी प्रत्येकी दोन फवारण्यांची तरतूद केली आहे, तिसरी गरज पडली तर. एका शेतकऱ्याची मागणी अशी आहे की, फवारणीने नेमका किती फरक पडतो हे डोळ्यांनी पाहता यावे म्हणून तिन्ही शेतांत एकेक पट्टा फवारणीविना सोडावा. मला कल्पना आवडली, परंतु जुन्या वाणात तसा पट्टा सोडणे म्हणजे आपणच बीजाणूंचा कारखाना उघडण्यासारखे होईल का, ही शंका आहे.

---

पर्णठिपका – १६ जून

तुमची शंका रास्त आहे. जुन्या वाणात पट्टा सोडू नका. तिथे उत्तर आधीच ठाऊक आहे आणि ते गेल्या वर्षी तुम्ही मोजून पाहिले आहे. सीआर प्लस शेतात एका बाजूला, जुन्या वाणापासून दूर आणि वाऱ्याच्या नेहमीच्या दिशेकडे पाठ येईल असा, फवारणी यंत्राच्या एका फेरीच्या रुंदीचा पट्टा सोडायला हरकत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना झेंड्या लावा, नाहीतर ऑगस्टमध्ये तो सापडत नाही. काढणीच्या वेळी पट्ट्यातील आणि शेजारच्या फवारलेल्या ओळींतील कंदांचे नमुने वेगवेगळ्या पोत्यांत कारखान्याच्या प्रयोगशाळेत द्या. केवळ पानांकडे पाहून निर्णय घेऊ नये, कारण या वाणांवर पाने बरी दिसत असतानाही साखरेत फरक पडला आहे की नाही, हे प्रयोगशाळेतच समजते. साखरेबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि अमिनो नायट्रोजन यांचे आकडेही मागून घ्या. पाने करपून पुन्हा फुटली की ही अशुद्धता वाढते आणि तेवढी साखर मळीत जाते.

---

गटिंगनवासी – १७ जून

पट्ट्याच्या निष्कर्षांची मलाही उत्सुकता आहे. जमल्यास त्या पट्ट्यात शंभर पानांची मोजणी चालू ठेवावी. फवारणीविना पाच पाने नेमकी कोणत्या तारखेला भरली, हे कळले तर माझा उंबरठा तुमच्या खोऱ्यात चालतो की नाही, याचा निकाल आपोआप लागेल. हरलो तर इथेच कबूल करीन.

---

राहुरीकर_क्रूकस्टन – ७ जुलै

थोडक्यात माहिती देतो. जुन्या वाणाच्या शेतात ओळी १ जुलैला भिडल्या आणि ३ तारखेला ट्रायअ‍ॅझोल व मॅन्कोझेबची पहिली फवारणी एकरी अठरा गॅलन पाण्यात झाली. त्याच दिवशी रस्त्याच्या कडेच्या ओळींत भिंगाने चार ठिपके सापडले, काळे दाणे स्पष्ट होते. शेताच्या आतल्या भागात एकही नव्हता. रस्त्यापलीकडच्या गव्हाच्या बांधावर चाकवत उभी होती, तिच्या पानांवरही ठिपके आहेत, परंतु ते हेच आहेत की आणखी काही, हे ठरवण्यासाठी नमुना पाठवला आहे.

सीआर प्लस शेतांत कालच्या मोजणीत शंभरात एकही रोगट पान नव्हते. दोन दिवसांच्या संसर्गमूल्याची बेरीज चार आहे, मात्र गुरुवारपासून रात्री उबदार राहतील आणि पाऊस येईल असा अंदाज आहे. त्यामुळे टाकी धुऊन, औषधे बाजूला काढून ठेवली आहेत आणि शनिवारी सकाळी दव असतानाच पुन्हा मोजणीला जाणार आहे. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना झेंड्या लावल्या आहेत.